जुन्या लेन्सना बुरशी का लागते, आणि त्या ठेवायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या सहा जुन्या मॅन्युअल लेन्स. बरीच वर्षे प्रत्येक लेन्स तिच्या चामडी केसमध्ये, सगळ्या केस कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात, आणि प्रत्येक केसमध्ये सिलिका जेलची एकेक पुडी. एवढे करूनही एका लेन्समध्ये जाळे दिसते आहे, दुसरी आतून धुरकट झाली आहे आणि तिसरीची काच पिवळी पडली आहे. तीन वरवर स्वच्छ दिसतात. तेव्हा ही सगळी बुरशीच का, उन्हात ठेवल्यावर ती मरेल का, आणि उरलेल्या तीन वाचवायला ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारे यंत्राचे कपाट, घ्यावेच लागेल का?

मी पंचवीसेक वर्षे लेन्स उघडतो, पुसतो आणि पुन्हा जोडतो. माझ्या टेबलावर सर्वांत वाईट अवस्थेत येणाऱ्या लेन्स वापरून झिजलेल्या नसतात, त्या जपून ठेवलेल्या असतात. रोज गळ्यात अडकवून फिरलेल्या लेन्सचा रंग उडालेला असतो, कडा ठोकरलेल्या असतात, पण काच बहुधा स्वच्छ निघते. चामडी केसमध्ये, मखमलीच्या अस्तरात, अंधाऱ्या कपाटात वर्षानुवर्षे निपचित पडलेली लेन्स मात्र बाहेरून नवी कोरी आणि आतून गेलेली. तुमच्या वडिलांनी चूक केली असे म्हणत नाही. त्या केस कंपनीनेच दिलेल्या होत्या, आणि कोणीही तेच केले असते.

आधी निदान करू. तुमच्या तीन लेन्सना तीन वेगळे आजार झालेले दिसतात, आणि त्यांची घाईसुद्धा सारखी नाही.

खोलीत अंधार करा. लेन्सच्या दोन्ही टोप्या काढा, फिल्टर असेल तर तोही, आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे आतल्या पात्यांचे लहान-मोठे होणारे भोक, पूर्ण उघडा. छोटा एलईडी टॉर्च लेन्सच्या मागून जरा तिरका धरा आणि पुढून आत बघा. टॉर्च हळूहळू फिरवत राहा. समोरून सरळ उजेडात बघितले तर भयंकर लेन्ससुद्धा निर्मळ दिसते, म्हणूनच विकणारे लोक लेन्सचा फोटो नेहमी खिडकीसमोर धरून काढतात. तिरक्या उजेडात सुटे चमकते ठिपके दिसले तर ती धूळ, ती सोडून द्या. केसांसारखे बारीक धागे, फाटे फुटत गेलेले, बहुतेक वेळा काचेच्या कडेकडून मध्याकडे निघालेले, रोपट्याच्या मुळांसारखे, ही बुरशी. सगळ्या काचेवर श्वास सोडल्यासारखा एकसारखा दुधाळ पडदा, हा हेज, म्हणजे धूसरपणा. कडेला इंद्रधनुषी पट्टा किंवा तेलाच्या थेंबासारखा डाग दिसला तर दोन काचा चिकटवणारा थर सुटतो आहे. आणि अगदी काठावर, काचेच्या परिघावर पांढुरके बारीक ठिपके असतील तर तो काचेच्या कडेला लावलेला काळा रंग सुटतो आहे. श्नायडर कंपनीच्या जुन्या लेन्समध्ये तो इतका आढळतो की लोकांनी त्याला श्नायडरायटिस असे रोगाचे नाव देऊन टाकले आहे. दिसायला वाईट, फोटोत बहुधा काही फरक नाही.

ज्या तीन तुम्ही स्वच्छ म्हणता त्याही अशाच बघा. मला त्यांची जास्त काळजी आहे.

पिवळ्या लेन्सचे पटकन सांगून टाकतो, कारण तो आजार साठवणुकीचा नाहीच. गेल्या शतकाच्या मध्यात काही वेगवान, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणाऱ्या, लेन्सच्या काचेत थोरियम ऑक्साइड मिसळत. त्याने काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, वाढतो आणि रंग फारसे फाकत नाहीत. थोरियम किरणोत्सारी आहे, आणि त्याच किरणांनी वर्षानुवर्षे ती काच आतून पिवळी, मग तपकिरी होत जाते. पेंटॅक्सची सात काचांची सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ आणि कोडॅकची एरो एक्टार ही यातली प्रसिद्ध नावे. हा पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा साधा यूव्ही एलईडी दिवा लेन्सवर रोखून, मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावून, रोज काही तास असे एक-दोन आठवडे ठेवा. काच हळूहळू निवळते. दिवा चालू असताना त्याच्याकडे बघू नका. किरणोत्साराची भीती वापरण्यापुरती बाळगायचे कारण नाही, फक्त ती काच घासायची, कापायची किंवा फोडायची नाही. ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म वापरत असाल तर राहू द्या तशीच, फुकटचा फिकट पिवळा फिल्टर आहे.

आता धुरकट झालेली लेन्स. हिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण बुरशीसारखी ती भीती घालत नाही. माझ्या मते सहापैकी हीच आधी कारागिराकडे जायला हवी. फोकस रिंगच्या आत जे आट्यांचे जोड असतात, हेलिकॉइड म्हणतात त्यांना, त्यांत ग्रीस भरलेले असते. उष्णतेने त्यातले हलके तेल सुटते, थोडे वाहते, थोडे वाफ होऊन उडते आणि काचेवर जाऊन बसते. म्हणून हेज बहुतेक वेळा अ‍ॅपर्चरच्या पात्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या काचांवर सापडतो. तो थर ताजा असताना एका फटक्यात पुसला जातो. तोच वर्षानुवर्षे राहिला, ओल धरून राहिला, तर खालचे कोटिंग, म्हणजे काचेवर चढवलेला पातळ थर, आणि काही प्रकारच्या काचा कायमच्या खरडल्यासारख्या होतात. मग पुसल्यावरही पांढुरकेपणा जात नाही, आणि तुमचा कारागीर तुम्हाला फसवतो आहे असे तुम्हाला वाटते.

तेलाबद्दल आणखी एक. पात्यांवर तेलाची चमक दिसली म्हणजे लेन्स संपली असे नव्हे. हाताने रिंग फिरवून उघड-मीट होणाऱ्या लेन्समध्ये, उदाहरणार्थ हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्समध्ये, तेलकट पाती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात. पण कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर स्प्रिंगने झटकन मिटणारी पाती असतील तर तेलाने ती रेंगाळतात आणि फोटो जास्त उजळ येऊ लागतात. पण चालत असली तरी ते तेल कुठून आले आणि पुढे कुठे जाणार हे ध्यानात ठेवा.

कपाटाचा सर्वांत वरचा खण हा घरातला गरम कोपरा असतो. तुमच्या धुरकट लेन्सचे कारण बहुधा तिथेच आहे. लेन्स खाली आणा. बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटाचा मधला खण उत्तम.

आता बुरशी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, लेन्स कारखान्यात जोडली गेली तेव्हापासून तिच्यातही आहेत. त्यांना उगवायला चार गोष्टी लागतात: ओल, साधारण १० ते ३५ अंश तापमान, न हलणारी हवा आणि खायला काहीतरी. खाणे म्हणजे धुळीतला कपड्याचा तंतू, बोटाचा तेलकट ठसा, ग्रीस, कडेचा काळा रंग. तापमान तुम्ही बदलू शकत नाही, कारण माणसाला जे सोसते तेच बुरशीलाही सोसते. खाणे पूर्ण काढून टाकता येत नाही. हातात उरते ती ओल. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर तीन-चार दिवस सलग राहिली की बीजाणू जागे होऊ लागतात. ६० च्या खाली ते झोपून राहतात. वाढताना बुरशी जी आम्ले सोडते ती कोटिंग आणि मग काच खाते. धागे पुसून गेल्यावरही त्यांचा नकाशा काचेवर उरलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

आता तुमच्या पुड्यांकडे येऊ. सगळी गडबड इथेच झाली आहे.

चामड्याची केस हवाबंद नसते. तिच्यात ठेवलेली जेलची पुडी केसमधली हवा सुकवत नव्हती, सगळी खोली सुकवायचा प्रयत्न करत होती. काही दिवसांत ती भरली असणार. भरलेली पुडी म्हणजे नुसता खडा नव्हे. बाहेरची हवा जरा कोरडी झाली की ती साठवलेले पाणी परत सोडते. म्हणजे नंतरची सगळी वर्षे तुमच्या लेन्सशेजारी ओलीची छोटीशी टाकी ठेवलेली होती. त्यात चामडे स्वतः ओल धरते, अस्तर धरते, आणि दोन्ही बुरशीला आवडतात. केस आठवण म्हणून नक्की ठेवा, पण वेगळ्या जागी, लेन्सशिवाय.

हवाबंद डबा घेतला तर? इथे एक हिशोब मांडतो, कारण तो एकदा डोक्यात बसला की पुढचे सगळे आपोआप कळते. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. तुमचा डबा २० लिटरचा, म्हणजे घनमीटरचा पन्नासावा भाग. त्यात अगदी ८० टक्के दमट हवा कोंडली तरी सगळे मिळून पाणी अर्धा ग्रॅम. ती हवा ४५ टक्क्यांवर आणायला फक्त पाव ग्रॅमच्या आतबाहेर पाणी शोषावे लागते. ५० ग्रॅम कोरडे सिलिका जेल तेवढ्या आर्द्रतेलाही ८-१० ग्रॅम पाणी सहज धरते. मग जेल महिन्याभरात का भरते? कारण पाणी हवेतून येतच नाही. ते येते डब्यातल्या स्पंजमधून, कापडी पाउचमधून, कॅमेऱ्याच्या पट्ट्यातून, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, आणि दर वेळी झाकण उघडता तेव्हा. म्हणून डब्यात लेन्स, जेल आणि आर्द्रतामापक एवढेच ठेवा. पट्टा, केस, कागदी मॅन्युअल, लेन्स पुसायचे कापड, सगळे बाहेर. ज्यांनी माझे हे ऐकले त्यांचे जेल महिनोन्‌महिने टिकते.

याच हिशोबाची उलटी बाजूही बघा. दुपारी ३० अंशांना, ६० टक्के आर्द्रतेत तुम्ही रिकाम्या प्लास्टिक डब्यात लेन्स ठेवून झाकण घट्ट लावले, जेल टाकले नाही. रात्री खोली २२ अंशांवर उतरली. पाणी तेवढेच, पण थंड हवेत वाफ मावते कमी. आतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. दुपारी सुरक्षित वाटलेला डबा पहाटे बुरशीची रोपवाटिका. जेलशिवाय हवाबंद डबा हा उघड्या फळीपेक्षा वाईट. उघड्या फळीवर निदान हवा तरी हलते.

सुटे जेल डब्यात ओतू नका. दाणे एकमेकांवर घासून त्यांची बारीक भुकटी होते आणि ती फोकस रिंगमध्ये शिरली की रिंग करकरते. पातळ सुती पिशवीत किंवा भोके पाडलेल्या डबीत भरा. रंग बदलणारे जेल घ्या, पण नारिंगीचे हिरवे होणारे. निळ्याचे गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, ते विषारी आहे, घरात नकोच. भरलेले जेल ओव्हनमध्ये पातळ थर पसरून १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा कोरडे होते. त्याहून जास्त तापवले तर रंगीत दाणे करपतात आणि नंतर रंगच बदलत नाहीत. गार झाल्याशिवाय डब्यात टाकू नका. गरम जेल ठेवून रबरी टोपी वाकडी झालेली मी पाहिली आहे. ती माझीच होती.

तांदूळ मात्र नको. तो पाणी शोषतो कमी आणि पीठ सोडतो जास्त, आणि ते पीठ बुरशीचे आवडते खाणे.

आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. छोटे डिजिटल मापक पाच-सात टक्के चुकलेले असणे ही नेहमीची गोष्ट. घरच्या घरी तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा. मीठ विरघळून जाता कामा नये, दाणे दिसत राहिले पाहिजेत. हे झाकण आणि मापक एका घट्ट झिपच्या पिशवीत, एकमेकांना न लागता, रात्रभर ठेवा. सकाळी २५ अंशांच्या आसपास पिशवीतली आर्द्रता ७५ टक्के असते, कुठल्याही घरात, कुठल्याही ऋतूत. मापक ६९ दाखवत असेल तर त्यावर सहाची चिठ्ठी चिकटवा आणि पुढे नेहमी सहा मिळवून वाचा. माझ्या टेबलावरच्या मापकावर अशी चिठ्ठी आहे, आणि नवा माणूस आला की पहिल्यांदा तिच्याबद्दलच विचारतो.

आकडा किती असावा? ४० ते ५०. कोणी ३० म्हणेल, कोणी म्हणेल जितके कोरडे तितके चांगले. फार कोरड्या हवेने कॅमेऱ्यावरचे चामडी आवरण आक्रसते, जुना गोंद ठिसूळ होतो. कोरड्या हवेने ग्रीस सुकते असे मात्र सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही. ग्रीसमध्ये पाणी नसतेच, मग कोरडी हवा त्यातले काय पळवणार? ग्रीसला उष्णता मारते. तेव्हा २५ आणि ८५ यांच्यात हेलकावे खाणाऱ्या डब्यापेक्षा ५० वर स्थिर असलेला डबा मी कधीही पत्करेन.

यातच ड्राय कॅबिनेटचे उत्तर आले. सहा लेन्सना ते लागत नाही. रबरी गॅस्केटचा चांगला डबा, दीडशे-दोनशे ग्रॅम जेल आणि तपासलेला मापक, एवढ्यात काम होते, फक्त आठवड्यातून एकदा मापकाकडे बघायची शिस्त हवी. ती शिस्त नसेल, किंवा लेन्स वीस-पंचवीस असतील, किंवा रोज काढ-घाल असेल, तर कॅबिनेट घ्या. त्याचे दोन प्रकार येतात. एकात थंड पत्र्यावर पाणी जमवून बाहेर टाकतात, दुसऱ्यात शोषक दाणे असतात आणि यंत्र ते मधूनमधून आपोआप तापवून वाफ बाहेर सोडते. थंड हवेत पहिला प्रकार कुचकामी ठरतो, दुसरा चालतो. कॅबिनेटमध्ये ठेवताना लेन्सच्या टोप्या ढिल्या ठेवा किंवा मागची काढूनच टाका. घट्ट टोपीच्या आतली हवा बाहेरच्या कोरड्या हवेशी फार सावकाश बोलते. कपाटात छोटा दिवा लावून हवा कोरडी ठेवायची जुनी युक्ती मात्र सोडा. आर्द्रता उतरते खरी, पण लेन्स कायम उबेत राहते आणि ग्रीसचे तेल सुटायला लागते. बुरशी टाळून हेज विकत घेतल्यासारखे होते.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर, दोन्ही नकोत. ते हवेत उडतात आणि गार काचेवर परत बसतात. एकदा एका लेन्सच्या पुढच्या काचेवर असा थर होता की मी तो बुरशी समजलो. लेन्स उघडली, तर आत काहीच नाही, आणि सगळ्या टेबलाला गोळ्यांचा वास. जुन्या कडक पेट्यांमधला स्पंजही तपासा. बोटाने दाबल्यावर चुरा झाला किंवा चिकट लागला तर आजच फेकून द्या. पॉलियुरेथेनचा स्पंज काही वर्षांनी असाच विरघळतो आणि लेन्सच्या अंगाला डांबरासारखा चिकटतो.

ठेवल्या म्हणजे विसरायच्या नाहीत. महिन्यातून एकदा बाहेर काढा, फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा, अ‍ॅपर्चर उघडा-मिटा, टॉर्चने बघा. फोकस फिरताना लेन्स भात्यासारखी हवा आत-बाहेर करते, तेवढी हालचाल बुरशीला पुरेशी नकोशी असते. त्या दिवशी चार फोटो काढलेत तर उत्तमच. लेन्समध्येच शटर असेल तर ते ताणलेल्या अवस्थेत ठेवू नका. आणि दवाचा नियम लक्षात ठेवा. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीतली लेन्स एकदम ३० अंश, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत नेली तर तिच्यावर पाणी धरणारच, कारण त्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास आहे. बाहेरच्या काचेवरचे दव दिसते, आतल्यावरचे दिसत नाही. निघण्याआधी लेन्स झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर पोचल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवीतच राहू द्या, मग उघडा. ओल धरलेली लेन्स पुसून तशीच डब्यात कोंडू नका.

उन्हाचा प्रश्न राहिला. ऊन बुरशी मारते हे अर्धसत्य आहे. जंतू मारणारा तीव्र अतिनील भाग साध्या काचेतून आरपार जातच नाही, त्यामुळे पुढच्या काचेमागे बसलेल्या बुरशीपर्यंत तो फारसा पोचत नाही. ऊन फार तर ओल घालवते, तेवढ्यापुरती वाढ थांबते. मेलेली बुरशीसुद्धा काचेवर तशीच राहते, फोटोत तेवढीच दिसते आणि उद्याच्या बुरशीला खायला होते. शिवाय लेन्स म्हणजे शेवटी भिंग आहे. खिडकीत ठेवलेल्या लेन्सने पडदा जळल्याच्या गोष्टी थट्टेच्या नाहीत. त्यात जुन्या जोडकाचा बाल्समने चिकटवलेल्या असतात. हा एका जातीच्या फर झाडाचा पारदर्शक राळ. उष्णतेने तो मऊ होतो, आणि मग कडेला तो इंद्रधनुषी पट्टा दिसू लागतो. म्हणून ऊन नको, बंद गाडीही नको.

बुरशी बाहेरच्या काचेवर असेल तर तुम्ही स्वतः पुसू शकता. आधी ब्लोअरने धूळ उडवा, कारण धूळ असताना पुसणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे. मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या. काचेवर थेंब टाकू नका, ते कडेच्या रिंगखाली उतरतात. मध्यापासून गोल फिरवत बाहेर या, दर वेळी नवा टिश्यू. व्हिनेगर वापरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. जुन्या मऊ कोटिंगला आम्ल लावू नका.

इथे थोडे विषयांतर. खूप जुन्या, कोटिंग नसलेल्या लेन्सच्या काचेवर कधीकधी निळसर-जांभळी झाक असते. लोक ती घाण समजून घासतात. १८९६ च्या सुमारास डेनिस टेलर या लेन्स-रचनाकाराच्या लक्षात आले की अशी काळवंडलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते. पुढे १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी मुद्दाम पातळ थर चढवायची पद्धत काढली, आणि आजचे प्रत्येक कोटिंग त्या वाटेने आले आहे. तेव्हा काचेवरची प्रत्येक झाक ही खराबी नसते. टॉर्चखाली धागे नसतील, पडदा नसेल, नुसता रंग असेल, तर हात लावू नका.

आतली बुरशी मात्र घरी काढू नका. स्क्रू उघडणे सोपे वाटते. हेलिकॉइडच्या आट्यांना अनेक सुरुवाती असतात आणि त्यातली बरोबर एकच लेन्सला अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंवर, फोकस होऊ देते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी खूण न करता एक हेलिकॉइड सोडवला. सहा सुरुवाती होत्या. दर वेळी पूर्ण जोडायचे, दूरच्या दिव्यावर बघायचे, पुन्हा सोडवायचे. पाचव्या वेळी जुळला, तोवर रात्रीचा एक वाजला होता आणि ग्रीस कोपरापर्यंत. कारागिराला आधी एवढेच विचारा की बुरशी सुट्या काचेवर आहे की चिकटवलेल्या जोडकाचेच्या मध्ये. सुट्या काचेवरची निघते. जोडाच्या आत शिरलेली काढायला काचा सुट्या करून पुन्हा चिकटवाव्या लागतात, आणि फार थोड्या लेन्स त्या खर्चाच्या लायकीच्या असतात. तशी असेल तर आणि बुरशी कडेला थोडीच असेल, तर लेन्स कोरडी ठेवा आणि वापरत राहा. समोरून ऊन येईल तिथे फोटो जरा फिका दिसेल, बाकी बहुधा कळणारही नाही. मागच्या काचेवरचा डाग पुढच्यापेक्षा जास्त त्रास देतो, तेवढे बघून घ्या.

एकीची बुरशी दुसरीला लागते का, हेही तुम्ही पुढे विचाराल. बीजाणू सगळीकडे आहेतच, त्यामुळे कोरड्या डब्यात शेजारी ठेवल्याने आकाश कोसळत नाही. पण बुरशीवाल्या लेन्सवर त्यांची गर्दी जास्त असते, आणि कधीतरी जेल भरून राहिले तर तीच गर्दी आधी पसरणार. पुसून येईपर्यंत ती वेगळ्या डब्यात ठेवा, टोपी अदलाबदल करू नका, आणि तिची जुनी टोपी साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा: सहाही लेन्स केसमधून बाहेर काढून टॉर्चने बघा आणि प्रत्येकीच्या नावापुढे काय दिसले ते तारखेसह वहीत लिहा. धुरकट लेन्स आणि जाळेवाली लेन्स कारागिराकडे, धुरकट आधी. पिवळी यूव्ही दिव्याखाली. स्वच्छ तीन लेन्स जेलच्या डब्यात, मापक मिठावर तपासल्यानंतर. महिन्याने वही उघडून त्याच टॉर्चने पुन्हा बघा. आज स्वच्छ दिसणाऱ्या तिघींपैकी एखादीत कडेला एखादा केसाएवढा धागा आधीच असेल, तर तो वाढतो आहे की थांबला आहे हे तुम्हाला त्या नोंदीवरूनच कळेल.